करार संपण्याआधी दोन महिने: भाड्याच्या बोलणीचा हिशेब

किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, रेमंड यांच्यासारखे मोठे कारखाने आणि त्यांना माल पुरवणारे छोटे कारखानदार यांच्यामुळे कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत रोज हजारो माणसं कामाला येतात. कोल्हापूर, निपाणीकडची मंडळी बसने किंवा दुचाकीने ये-जा करतात. लांबच्या जिल्ह्यांतून आलेल्यांना मात्र जवळपास खोली घ्यावीच लागते. कागल शहर, कसबा सांगाव, मौजे सांगाव, तळंदगे, हुपरी, पट्टणकोडोली, गोकुळ शिरगाव या भागात शेतकऱ्याच्या घराचा वरचा मजला किंवा मागच्या बाजूला काढलेल्या दोन-चार खोल्या हेच त्यांचं घर. करार अकरा महिन्यांचा. आणि दहावा महिना सरता सरता मालक जिन्यात गाठून म्हणतात, "पुढच्या म्हयन्यापास्नं हजार वाढवून द्या, न्हाईतर दुसरीकडं बघा."

यावर बहुतेक भाडेकरू दोनच गोष्टी करतात. एक तर मुकाट्याने वाढ देतात, नाहीतर रागाच्या भरात सामान बांधतात. दोन्हींत पैसे जातात. या दोन्हींच्या मधे बरीच जागा आहे आणि ती अगदी साध्या बेरीज-वजाबाकीने मोजता येते. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी: करार संपायच्या तारखेच्या अलीकडे भाडेकरूच्या हातात पुष्कळ काही असतं, तारखेच्या पलीकडे फारच थोडं. म्हणून बोलणी दोन महिने आधी सुरू करायची.

तारीख उलटली की काय होतं

आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो कागदावर बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे वापराच्या परवानगीचा करार असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या कराराची मुदत संपली की ताबा परत द्यायचा असतो. नाही दिला तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदत संपल्याची खात्री पटली की जागा खाली करण्याचा आदेश निघतो. तोवरच्या काळासाठी करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणजे ७,५०० रुपये भाडं असेल तर महिन्याला १५,०००. अर्जाचं समन्स हातात पडल्यावर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. पाळ्यांमध्ये अडकलेल्या माणसाचे ३० दिवस कधी जातात ते कळत नाही.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. मुदत संपली म्हणून मालकाला स्वतः कुलूप ठोकता येत नाही आणि सामान रस्त्यावर काढता येत नाही. ताबा आदेशानेच घ्यायचा. पण हा बचाव राहायला वेळ मिळवून देतो, भाडं कमी करून देत नाही. आणि एकदा प्रकरण अर्जावर गेलं की त्या गल्लीत दुसरी खोली मिळणंही अवघड होतं. गावात बातमी लगेच पसरते.

"मालक भाडं घेतायत, मग करार नसला म्हणून काय बिघडलं?" असं बरेच जण म्हणतात. बिघडतं. पत्त्याचा पुरावा म्हणून जुना कागद चालत नाही, वाढ कधीही मागितली जाते, आणि जायला सांगितलं तर नोटिशीचा महिनाही मिळेल याची खात्री राहत नाही.

इथे एक खुलासा. हा कायदा राज्यातल्या प्रत्येक वाडी-वस्तीला लागू नाही. त्याच्या अनुसूचीत दिलेली शहरं-गावं आणि जुन्या भाडे कायद्यांखाली आलेला भाग यांना तो लागू आहे. त्यामुळे कागल शहरातली खोली आणि वसाहतीला लागून असलेल्या ग्रामपंचायतीतली खोली यांची कायदेशीर स्थिती वेगळी असू शकते. तुमच्या गावाचं काय, हे दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा वकिलाला एकदा विचारून घ्या. गाव कुठलंही असो, नोंदणी केलेला लेखी करार हाच दोघांचा आधार.

आणि ते ‘चार टक्के’? वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद कायद्यात आहे, पण ती कलम ११ खालच्या भाडेकरूंसाठी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या भाडेपट्ट्यांसाठी. लिव्ह अँड लायसन्सच्या नव्या कराराला वाढीची कायदेशीर मर्यादा नाही. तेव्हा मालकासमोर "कायद्यानं चारच टक्के" असा वाद घालू नका. तो टिकत नाही आणि उगाच तोंड कडू होतं. भाडं ठरतं ते बोलणीतच.

दोन्ही बाजूंचा हिशेब मांडा

एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत. तुमचे आकडे त्यांच्या जागी घाला. भाडं ७,५००, डिपॉझिट ३०,०००, मालक मागतात ८,५००.

आधी तुमची बाजू. खोली बदलायची तर एजंटला एक महिन्याचं भाडं, म्हणजे ७,५००. छोटा हत्ती आणि हमाली २,०००. एक-दोन खाडे, १,५००. इंटरनेट हलवणं, गॅसची नळी, पडद्याचे रॉड असं किरकोळ १,०००. एकूण १२,०००. अकरा महिन्यांत वाटलं तर महिन्याला सुमारे १,०९०. म्हणजे एजंटमार्फत जायचं असेल तर १,००० रुपयांची वाढ आणि खोली बदलणं यांत जवळजवळ काही फरक नाही. पण कंपनीतल्या सहकाऱ्याच्या ओळखीने खोली मिळाली आणि दलाली वाचली, तर हाच खर्च ४,५०० वर येतो, महिन्याला ४१०. तेव्हा वाढीला कुठवर हो म्हणायचं, हे तुम्हाला नवी खोली कशी मिळणार आहे यावर ठरतं. म्हणूनच बोलणीच्या आधी दोन खोल्या प्रत्यक्ष पाहून या. घ्यायच्या नसल्या तरी भाव कळतो.

कराराच्या नोंदणीचा खर्च या बेरजेत धरलेला नाही. राहिलात तरी तो येणार, गेलात तरी येणार.

एक खर्च लोक हमखास विसरतात: अंतर. नवी खोली स्वस्त पण पाच किलोमीटर लांब असेल तर रोज १० किलोमीटर जास्त, २६ दिवसांचे २६०. लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी आणि १०५ रुपयांचं पेट्रोल धरलं तर महिन्याला ५४६ रुपये. पाचशे रुपयांनी स्वस्त खोली तिथेच महाग पडली. कंपनीची बस घराजवळ थांबत असेल तर त्या थांब्याचीही किंमत मोजा. रात्रपाळीला महामार्गावरून दुचाकी हाकण्यापेक्षा बस कितीतरी बरी.

आता मालकाची बाजू, आणि बोलणीत हीच जास्त उपयोगाची. तुम्ही गेलात, खोली एक महिना रिकामी राहिली आणि चुना-रंगाला ३,००० गेले असं समजा. मग ८,५०० देणारा नवा भाडेकरू आला. अकरा महिन्यांत मालकाला मिळाले दहा महिन्यांचे ८५,०००, वजा ३,०००, म्हणजे ८२,०००. तुम्ही जुन्याच ७,५०० वर राहिलात तर मिळतात ८२,५००. एक पैसाही न वाढवता मालक पाचशे रुपयांनी पुढे. आणि तुम्ही ८,००० दिलेत तर ८८,०००. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तर ऐकून न घेणारे मालक थोडे.

पण हा हिशेब एका अटीवर उभा आहे: खोली महिनाभर रिकामी राहायला हवी. दाराशी गिऱ्हाईक उभं असेल तर मालकाला ८,५०० प्रमाणे ९३,५०० मिळतात, रंग वजा जाता ९०,५००. मग तुमचे ८८,००० कमी पडतात. म्हणून आपल्या गल्लीत खोल्या किती दिवसांत भरतात, हे आधी बघायचं. जून-जुलैत शाळा-कॉलेज आणि नवी भरती एकाच वेळी सुरू होते, तेव्हा मालकाचं पारडं जड. एरवी एखाद्या घरावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी पंधरा-वीस दिवस तशीच लटकलेली दिसली, तर तुमचं. करार जूनमध्ये संपत असेल तर पुढची मुदत मुद्दाम अशी मागा की ती सप्टेंबर-ऑक्टोबरात संपेल.

बोलायचं कसं

मालक घरात निवांत असताना जा. जिन्यात, फाटकात, भाडं देता-देता हा विषय काढू नका. आणि पहिला आकडा त्यांना बोलू द्या. बोलणं साधारण असं व्हावं:

"काका, करार पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला संपतोय. आम्हाला इथंच राहायचंय. तुमचं काय म्हणणं?"

"ऱ्हावा की, कोण नको म्हंतंय. पर साडेआठ द्यावं लागतील बघा. घरफाळा वाढलाय, पाणीपट्टी वाढली."

"घरफाळा वर्षाला किती वाढला, काका? आपण तो महिन्यावर वाटून बघू. अकरा महिन्यांत आमचं भाडं कधी पाच तारखेच्या पुढं गेलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आठ करू. आणि करार तेहतीस महिन्यांचा करूया, दर अकरा महिन्यांनी चारशे वाढवत. दरवर्षी नोंदणीचा हेलपाटा नको. मोरीचा नळ तेवढा बदलून द्या."

"तेहतीस म्हयनं? मग उद्या निघत न्हाई म्हणलासा तर?"

शेवटचा प्रश्न मनापासूनचा असतो, त्याला चिडून उत्तर देऊ नका. जास्त मुदतीचा करार केला की भाडेकरू कूळ होऊन बसतो, ही भीती गावागावांत आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये तसा हक्क निर्माण होत नाही. मालकी आणि कायदेशीर ताबा मालकाचाच राहतो, आणि कायदा लागू असलेल्या ठिकाणी मुदतीनंतर कलम २४ मालकाच्याच बाजूने उभं राहतं. करारातच दोन्ही बाजूंना एक महिन्याच्या नोटिशीने मोकळं होण्याची अट घाला, म्हणजे त्यांचीही धास्ती जाते.

घरफाळ्याबद्दल वर विचारलेला प्रश्न मात्र जरूर विचारा. वर्षाला हजार-बाराशेची वाढ महिन्यावर शंभर रुपये होते. ती द्यायला हरकत नाही. तिच्या नावाखाली महिन्याला हजार मागणं हे वेगळं.

भाडं घटत नसेल तर वस्तू आणि सोयी मागा. पैशात न देणारा मालक दुरुस्तीत देतो. गळका नळ, खिडकीला मच्छरजाळी, वरच्या टाकीला वेगळा कॉक, पावसात दुचाकी झाकायला पत्र्याखाली जागा. दुसरी पाळी सुटून रात्री बारा-साडेबाराला घरी येणाऱ्याला फाटकाची एक चावी मिळणं हे दोनशे रुपयांच्या सवलतीपेक्षा मोलाचं. ठरलेलं सगळं करारात येऊ द्या. निदान मोबाइलवर लेखी निरोप तरी हवा.

नोकरीच कंत्राटी असेल तर लॉक-इनची, म्हणजे ठरावीक मुदतीआधी खोली न सोडण्याची, अट मान्य करू नका. ठेकेदाराचं काम सहा महिन्यांत संपलं आणि लॉक-इन अकरा महिन्यांचं असेल, तर रिकाम्या खोलीचं भाडं तुमच्या डिपॉझिटमधून जाईल. याउलट नोकरी पक्की असेल तर पहिल्या सहा महिन्यांचं लॉक-इन स्वतःहून देऊ करा आणि त्या बदल्यात भाडं कमी मागा. मालकाला खात्री हवी असते, ती फुकट देऊ नका.

कॉट बेसिसवर चौघं राहत असाल तर चौघांचीही नावं करारात घाला आणि डिपॉझिट कुणाचं किती ते लिहा. एकाच्या नावावर करार आणि तोच गावी निघून गेला, तर उरलेल्या तिघांच्या हातात बोलणीचा अधिकारच उरत नाही.

अकरा महिनेच का? आणि नोंदणीला किती लागतात?

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. ती चुकवायला अकरा महिन्यांची चाल पडली. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ही पळवाट बंद केली. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही गोष्ट मालकाला धमकी म्हणून ऐकवू नका. "नोंदणी केली तर तुम्हीच सुरक्षित" असं सांगा, तेही खरंच आहे.

खर्च असा. साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते कशावर? मुदतीतलं एकूण भाडं, परत न मिळणारी अनामत असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर. आकडा पुढच्या शंभरावर नेतात. नोंदणी फी ग्रामीण भागात ५००, शहरी भागात १,०००. ऑनलाइन नोंदणीला दस्त हाताळणी शुल्क ३०० रुपये. पैसे भरण्याआधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर चालू दर एकदा पाहून घ्या.

८,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट, ११ महिने: भाडं ८८,०००, व्याज २,७५०, बेरीज ९०,७५०. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २२७, म्हणून ३०० भरायचे. ग्रामपंचायत हद्दीत एकूण १,१००. असे तीन करार ओळीने केले तर ३,३००, वर घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची फी तीन वेळा. तेच एकदम ३३ महिन्यांचं केलं, भाडं ८,०००, मग ८,४००, मग ८,८००: एकूण भाडं २,७७,२००, व्याज ८,२५०, मुद्रांक ८००. नोंदणी आणि हाताळणी धरून १,६००, आणि एजंट एकदाच. थेट बचत १,७००. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढची दोन वर्षं वाढ किती होणार, हे आजच ठरून गेलं. कागलसारख्या ठिकाणी, जिथे एखादा नवा प्रकल्प आला की खोल्यांची मागणी एकदम चढते, तिथे मला हा करार सर्वांत फायद्याचा वाटतो. नोकरी पक्की असणाऱ्याने तो जरूर मागावा.

हा खर्च कोणी करायचा यावर कायद्याचं बंधन नाही. निम्मा-निम्मा ही रीत रास्त आहे. एजंट सांगेल तेवढे पैसे न देता सरकारी पावत्या मागा, आणि त्याची मेहनत वेगळी मोजा. स्वतः केलंत तर आधार क्रमांक, बोटांचे ठसे आणि मालकाच्या मालमत्तेचा तपशील एवढ्यावर काम होतं.

शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ‘झाला करार’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळा. मुलाला आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांतून शाळेत घालायचं असेल तर भाड्याने राहणाऱ्यांना दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच करार लागतो. अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा. दोनशे रुपये वाचवले आणि मुलाचा प्रवेश हुकला, असं होऊ देऊ नका.

पगारदारांसाठी आणखी एक बाब. जुन्या करप्रणालीत राहून घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्याचं वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की कंपनी घरमालकाचा पॅन मागते. ८,५०० चे होतात १,०२,०००. ८,३०० चे ९९,६००. पॅन द्यायला नाखूश असलेले मालक पुष्कळ असतात. त्यांच्याशी ८,३०० वर तडजोड सहज होते. भाड्याची पावती मात्र दर महिन्याला घ्या. मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ ने मालकावर बंधनकारक आहे. यूपीआयने देत असाल तर शेऱ्यात महिना लिहा.

लाईटबिल आणि डिपॉझिट

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. दोन बिऱ्हाडं एकाच मीटरवर असतील आणि प्रत्येकी ९० युनिटं जळत असतील, तर वेगळ्या मीटरवर दोघंही पहिल्या टप्प्यात राहिले असते. एकत्र १८० झाली की वरची ८० युनिटं चढ्या दराने. ही रक्कम महिन्याच्या महिन्याला भाडेकरूच्या खिशातून जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. नूतनीकरणाच्या वेळी वेगळं वीजमीटर मागा. ते शक्य नसेल तर सब-मीटर आणि मूळ बिलाची प्रत. "युनिटला अमुक रुपये" असा ठोक दर मालक लावत असतील तर बिल पाहून मगच मान्य करा.

डिपॉझिटला आपल्याकडे करारात कायदेशीर कमाल मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. ती इथे बंधनकारक नाही, पण बोलताना मापदंड म्हणून सांगायला उपयोगी. नूतनीकरणात भाडं वाढवून घ्या पण डिपॉझिट वाढवू नका, असा माझा स्पष्ट सल्ला. भाड्यातली वाढ मोजता येते. डिपॉझिटमध्ये अडकलेली रक्कम परत मिळवताना घाम फुटतो.

रंगासाठी किती कापायचं, हे आत्ताच आकड्यात लिहा. ‘नियमाप्रमाणे’ या शब्दाला काही अर्थ नाही. नव्या कराराच्या दिवशी भिंती, मोरी, ओटा, खिडक्यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. सोडताना चावी देण्याच्या दिवशीच मीटरचं रीडिंग, शेवटचं बिल आणि डिपॉझिटचा हिशेब एका कागदावर, दोघांच्या सह्यांनी. आधी चावी आणि पंधरा दिवसांनी पैसे, याला नाही म्हणा. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमध्ये वळतं करायचं असेल तर तसं आधी लेखी ठरवा. परस्पर भाडं थांबवलंत तर चूक तुमच्या अंगावर येते.

गाळा भाड्याने घेतला असेल तर

इथला हिशेब वेगळा, म्हणून थोडक्यात. वसाहतीतले भूखंड एमआयडीसीने ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. भूखंडधारकाला शेड दुसऱ्याला द्यायची तर महामंडळाची पोटभाड्याची परवानगी आणि तिचं शुल्क लागतं. नूतनीकरणाच्या वेळी ते परवानगीपत्र डोळ्यांनी पाहा, त्याची मुदत पाहा, आणि शुल्क कोण भरणार ते करारात लिहा. कलम २४ राहण्याच्या जागेसाठी आहे, गाळ्याला ते लागत नाही. गाळ्याच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी येतो. मालक नोंदणीकृत नसेल आणि तुम्ही असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर तुम्हीच भरायचा. कंपोझिशन योजनेतल्यांना यातून सूट आहे. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर गेलं तर टीडीएस कापायचा आहे. आणि मशिनचा पाया फोडून दुसरीकडे बसवण्याचा, वीजभार नव्याने घेण्याचा खर्च मोठा असतो. मालकाला तो माहीत असतो. तेव्हा गाळ्याचा करार पाच वर्षांचा आणि वाढीचा दर पहिल्याच दिवशी ठरलेला, याहून कमी काही स्वीकारू नका.

नाहीच जमलं तर

तीस दिवस उरले तरी आकडा जुळत नसेल तर शोध सुरू करा आणि मालकाला तसं सभ्यपणे सांगा. बरीच बोलणी याच टप्प्यावर जुळतात. नवी खोली मिळायला पंधरा दिवस उशीर होणार असेल तर तेवढ्या दिवसांची मुदतवाढ लेखी घ्या, भाड्याचा आकडा लिहून. तोंडी शब्दावर तारीख ओलांडू नका.

डिपॉझिट अडवलं, वीज-पाणी तोडलं किंवा सामान अडकवलं, तर आधी लेखी मागणी पाठवा, पोचपावतीसह. मग पोलीस ठाणं, मग वकील. वकिलाचा खर्च झेपणार नाही म्हणून गप्प बसण्याची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. करार, पावत्या, पाठवलेली पत्रं आणि कंपनीचं ओळखपत्र घेऊन न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा आणि वकील मागा.